गोवर होऊन गेला

सोलापुरात लसीकरणाचा वार ठरवायचा तर आधी नळाचा वार बघावा लागतो. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मंगळवारी मी समाजमंदिरात लशीचा डबा मांडून बसले आणि दुपारी बारापर्यंत एकही आई फिरकली नाही. चिडून वस्तीत गेले, तर दारोदार घागरी, पिंपं, बादल्या, आणि झाडून साऱ्या बायका नळावर. चार-पाच दिवसांनी एकदा येणारं पाणी. त्या वेळी साक्षात देव दारात आला तरी त्याला "पिंप भरेपर्यंत थांबा" असंच म्हणतील. मी तर साधी नर्स. तरी मी तिथं नळावर उभी राहून सगळ्यांना फैलावर घेतलं. लेकरांपेक्षा पाणी महत्त्वाचं का, वगैरे. एकीनं घागर न ठेवता विचारलं, "बाई, तुमच्याकडं रोज पाणी येतं का?" येत नव्हतं. माझ्या घरी सासूबाई पाणी भरायच्या, म्हणून मला असं दुसऱ्यांच्या नळावर येऊन ओरडता येत होतं. हे मात्र मला त्या दिवशी सुचलं नाही.

मी फटकळ आहे. "तोंडानं फटकळ, मनानं बरी" असं माझी माणसं म्हणतात, पण मनाचा बरेपणा उंबऱ्याबाहेरून कुणाला दिसणार? वस्तीत माझी चाहूल लागली की बायका दारं लोटून घ्यायच्या. लेकरू हागलं, मुतलं, झोपलं, मामाकडं गेलं, काय वाटेल ती कारणं. मीही हट्टाला पेटायची, दाराच्या फटीतून कार्ड मागायची. अकरा वर्षं मी अशी दारांशी भांडत नोकरी केली. डोस पूर्ण व्हायचे, हे खरं. कामात मी कधी हयगय केली नाही, असं मी छातीठोकपणे सांगायची. आता सांगत नाही.

कोरोनाची दोन वर्षं गेली आणि आमच्या नोंदवह्यांमध्ये रिकामे रकानेच रकाने उरले. गोवराचा डोस नवव्या महिन्याला द्यायचा. त्या वयाला नेमकी दारं बंद होती. ते भरून काढता काढता आमचा जीव मेटाकुटीला आला. शहराच्या कडेची ती वस्ती माझ्याकडं होती. बरेचसे लोक टॉवेलच्या कारखान्यांवर कामाला, काही रिक्षा चालवणारे, काही बांधकामावर. मंगळवेढ्याकडचे, बार्शीकडचे, आणि पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरातले उर्दू बोलणारे, सगळे एका भिंतीला भिंत लावून.

त्यात एक घर होतं. आजी मंगळवेढ्याकडची, ज्वारीचं रान सोडून लेकाची लेकरं सांभाळायला आलेली. लेक मागावर, म्हणजे टॉवेलच्या यंत्रावर कामाला. सून घरीच शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करायची. तिच्या मांडीवर कायम पांढऱ्या शर्टांचा ढीग. दोन मुली होत्या आणि तिसरी झाली. पहिले डोस मी त्या तिसरीला कसेबसे दिले. शेवटच्या वेळी पोरीला ताप आला, मांडीला गाठ आली, आणि आजीनं माझं नाव टाकलं. मी गेले की ती उंबऱ्यात बसायची, पाण्याचा तांब्या बाहेर ठेवायची आणि म्हणायची, "धडधाकट पोरीला ताप आणणारं कसलं औशिद तुमचं? पाणी प्या आन्‌ फुडच्या घरी जावा." मी पाणी प्यायची, चार शब्द सुनवायची आणि पुढच्या घरी जायची.

पुढचं घर म्हणजे शेजारीण. तिचा नवरा रिक्षावाला. ती आजीच्या अगदी उलट. न बोलावता यायची, रांगेत पहिली, डोसाचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडता ठेवलेलं. दोन मुलींनंतर झालेला तिचा मुलगा आजीच्या या तिसऱ्या नातीहून दोन महिन्यांनी मोठा. अशा आया असल्या की नर्सला नोकरी गोड वाटते. तिचा फक्त एक डोस चुकला. मुलाचा नववा महिना लागला तेव्हा बहिणीच्या बाळंतपणाला ती माहेरी गेली आणि अडकली. मे महिन्यात परत आली तेव्हा पोरगा अकरा महिन्यांचा होता.

त्याच मे महिन्यात एकदा सून समाजमंदिरात आली. हातात कार्ड नाही, काखेत पोर नाही. म्हणाली, "आत्यांनी बोलावलंय तुम्हाला. जेवायला."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "कशाला?" मी विचारलं.

"बारकीला गोवर निघाला होता. आज उतरला. पाच लेकरं जेवू घालायची आहेत. आत्या म्हणल्या, डोसवाल्या बाईंनापण सांग."

सोलापूरचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. डबा आवरून मी गेले. दाराच्या चौकटीला कडुनिंबाचे डहाळे लावले होते. आत फरशीवर चादर अंथरून पाच लेकरं ओळीनं बसवली होती, त्यात शेजारणीचा पोरगाही होता, आईच्या मांडीवर. बारकी नव्या फ्रॉकात आजीच्या कडेवर. सगळ्यांच्या पुढ्यात दहीभात, काकडी आणि गुळाचा खडा. आमच्याकडं घरात गोवर असला की फोडणी देत नाहीत. चुरचुर आवाजानं आणि वासानं देवीला त्रास होतो, म्हणतात. देवी शांतपणे उतरली की थंड जेवण करून तिची बोळवण करायची.

"सात दिस राह्यली," आजी मला सांगत होती. "गळ्यापास्नं पाठीपतूर नुसती भरली हुती पोरगी. आज कडुनिंबाच्या पाण्यानं घातली अंगूळ."

मी सवयीनं पोरीच्या फ्रॉकची मागची बटणं सोडली आणि पाठ बघितली. मानेच्या घडीत, काखेत, पाठीवर बारीक बारीक पुटकुळ्या. कानामागं काही नाही, तोंडावर काही नाही. "ताप किती होता?" मी विचारलं. "ताप न्हाई आला. देवी लई शांत हुती." खोकला? नाही. डोळे लाल? नाही. नाक वाहत होतं? नाही.

पत्र्याच्या खोलीतलं मे महिन्यातलं घामोळं होतं ते. मला लगेच कळलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. मला कळलं नाही, घाईत होते, शंका होती, असलं काहीही नव्हतं. मी तोंड उघडलंसुद्धा, आणि तेवढ्यात आजीनं माझ्या हातात ताट दिलं.

"बसा की वो. दिसभर उनातान्हाचं हिंडतायसा. घरी गेल्यावर कोन वाडतंय तुमाला?"

कुणीच वाढत नव्हतं. सासूबाई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि घरी गेल्यावर मी सगळ्यांना वाढायची. अकरा वर्षांत त्या वस्तीत मी हजार वेळा पाणी प्यायले असेन, पण उंबऱ्याच्या आत, भिंतीला पाठ टेकून, कुणाच्या घरी मी जेवले नव्हते. माझे डोळे भरून आले. फटकळ बायकांचं हेच असतं, कुणी जरा मायेनं बोललं की आमची दाणादाण उडते. मी बसले. दहीभात दोनदा मागून घेतला. शेजारीण हसून म्हणाली, "आज सिस्टर ओरडणार नाहीत." सगळ्या हसल्या, मीही हसले.

हात धुताना मी जरा चाचरत विषय काढला. "आजी, डोसाचं काय करायचं?"

"आता कशाला डोस? आलेली पावनी जेवून गेली. तिला सुई टोचून परत बलवायचं व्हय?"

इथं मी बोलायला हवं होतं. खरं तर गोवर होऊन गेला असला तरी डोस द्यायचाच असतो, अंगावर काय उठलं होतं याची घरच्यांनी सांगितलेली गोष्ट लसीच्या आड येत नाही. हे मी दुसऱ्या नर्सना शिकवते. पण मी पुन्हा हसले, आणि बॅगेतून नोंदवही काढून बारकीच्या रकान्यात लिहिलं, "गोवर होऊन गेला." भीड ही भिकेची बहीण म्हणतात. अकरा वर्षं ज्या बाईला भीड ठाऊक नव्हती, तिला ती नेमकी त्या दुपारी आठवली. खाल्ल्या मिठाला जागले, असं मी तेव्हा मनाला समजावलं. मिठाला जागायचं होतं तर त्या पोरीच्या बाजूनं बोलायचं होतं.

आठवड्यानं शेजारीण मुलाला घेऊन लसीकरणाच्या सत्राला आली, नेहमीसारखी पहिली. पिशवीतून कार्ड काढता काढता म्हणाली, "सिस्टर, ह्याला पण माहेरी असताना तसंच निघालं होतं. मानेवर, पाठीवर. आजींच्या नातीला तुम्ही नको म्हणालात ना? मग ह्याला?"

आजी तिथंच बाकावर बसली होती, मोठ्या नातीला पाच वर्षांचा डोस द्यायला आणलं होतं. तेसुद्धा पहिल्यांदाच, आपण होऊन. मुलाला दिला असता तर आजीला सांगावं लागलं असतं की बारकीलाही द्यायला हवा. म्हणजे दहीभात खाऊन मी खोटं वागले, हे उघड झालं असतं. मी आजीकडं बघितलं, शेजारणीकडं बघितलं नाही. म्हणाले, "झाला असेल तर राहू दे आत्ता. दीड वर्षाचा झाला की पुढचा देऊन टाकू." आणि त्याच्या रकान्यातही तेच तीन शब्द लिहिले. तिनं कार्डाची घडी केली, पिशवीत घातली आणि म्हणाली, "बरं सिस्टर." तिनं दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. माझ्यावर तिचा इतका विश्वास होता.

आमच्या कामाची एक गंमत आहे. रकाना रिकामा असला की ते नाव दर आठवड्याच्या यादीत येतं, बोकांडी बसतं. रकान्यात काहीही लिहिलं की नाव यादीतून जातं आणि डोक्यातूनही जातं. त्या उन्हाळ्यात आणखी दोन-तीन आया तेच सांगत आल्या. "आमच्या बी पोराला निगाला हुता. नर्सबाईच जेवून गेली की तितं." त्यांना मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार होते?

थंडीत गोवर आला. खरा.

पहिलं पोर बांधकामावरच्या घरातलं, नातेवाइकांच्या लग्नाहून परत आलेलं. मग त्याच्या शेजारचं, मग गल्लीच्या या टोकाचं. गोवर हवेतून पसरतो. ज्यांनी डोस घेतला नाही त्यांना शोधून काढायला त्याला यादी लागत नाही. चौथा की पाचवा शेजारणीचा मुलगा. तापानं फणफणलेला, डोळे लाल, उजेड सहन होईना, आणि तिसऱ्या दिवशी कानामागून सुरू झालेलं लालभडक पुरळ पायापर्यंत उतरलं. मी त्याला ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस पाजायला गेले तर आईनं विचारलं, "सिस्टर, हा तर एकदा होऊन गेला होता ना? परत कसा आला?"

मी म्हणाले, "येतो कधी कधी." आणि बाटलीचं झाकण लावत बसले.

मग वरिष्ठ डॉक्टर आले, पथक आलं, घरोघर चौकशी सुरू झाली. नोंदवही त्यांच्या हातात. बारकीच्या नावावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "हे काय? गोवर होऊन गेला हे कुणी ठरवलं?"

एका क्षणात मी उत्तर दिलं. "घरच्यांनी, सर. नकार होता त्यांचा. आजी ऐकतच नव्हती."

ते थेट त्या दारात गेले आणि अख्ख्या गल्लीसमोर त्यांनी आजीला झापलं. तुमच्या अडाणीपणापायी दुसऱ्यांची लेकरं आजारी पडली, असं म्हणाले. मी मागं उभी होते. आजी नेहमीप्रमाणं उंबऱ्यात बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. "ह्याच बाईनं माझ्या घरी बसून लिव्हलंय," एवढं ती म्हणू शकली असती. आतून बारकीचा खोकला ऐकू आला. डॉक्टर आत गेले, पोरीचे डोळे बघितले, गालाच्या आतले पांढरे ठिपके बघितले आणि म्हणाले, हिला झालाच आहे.

तीन दिवसांनी बारकीला धाप लागली. छातीत न्यूमोनिया उतरला होता. मोठ्या सरकारी दवाखान्यात तिला भरती केलं आणि प्राणवायूची नळी लावली. आत एकालाच राहू देत होते, तिथं सून. आजी बाहेर, आवारातल्या झाडाखाली. लेकानं तिला सांगून टाकलं होतं, "पोरीला काही झालं तर घरात पाय ठेवू नको." गल्लीतल्या बायकाही तिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. शेजारीणसुद्धा.

मी चौथ्या दिवशी दुपारी गेले. आधी आत जाऊन आले. बारकीच्या फासळ्या दर श्वासाला आत ओढल्या जात होत्या, आणि सून एका हातानं तिचा पाय धरून बसली होती, सोडला तर जाईल म्हणून. तिनं मला बघितलं आणि नुसती मान हलवली. पोरगी वाचेल की नाही ते त्या दिवशी कुणीच सांगत नव्हतं.

बाहेर येऊन मी आजीजवळ बसले. भाकरी आणि शेंगाची चटणी नेली होती, ती तिनं उघडलीसुद्धा नाही. इतक्या वर्षांत मी असंख्य बायकांना खडसावलं, पण कबुली कशी द्यायची हे मला येत नव्हतं. मी आडवळण न घेता बोलले. "आजी, उन्हाळ्यात ते घामोळं होतं. मला तेव्हाच कळलं होतं. मी बोलले नाही. आणि डॉक्टरांना मी खोटं सांगितलं, सगळं तुमच्यावर ढकललं."

आजीनं झाडाच्या बुंध्याला पाठ टेकली. मग म्हणाली, "मला बी कळलं हुतं की."

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला म्हातारीच्या.

"चार लेकरं काडली म्या, धा नातवंडं बगितली. घामुळं आन्‌ गोवर मला वळखू येत न्हाई व्हय? तिसरी पोरगी म्हून माज्या लेकानं हिचं बारसं केलं न्हाई. पाळना न्हाई, घुगऱ्या न्हाईत, दारात एक मानूस आलं न्हाई. सून कदी बोलली न्हाई, पर शर्टाला बटनं लावता लावता रडायची. मला वाटलं, देवीचं म्हनलं तर लेक न्हाई म्हननार न्हाई. तेवडीच पाच लेकरं येतील, नवा फ्राक येईल, पोरीच्या नावानं चार मानसं जेवतील."

"मग डोस का नाही घेतला? नंतर गुपचूप घ्यायचा."

"सुई टोचली असती तर देवी आलीच न्हवती असं झालं असतं की. लेकाला काय सांगितलं असतं? वाटलं, कुटं येतोय आता गोवर. आमच्या येळंला यायचा."

मी रडायला लागले. ती रडली नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्या दिवसापासून ती मला अहो-जाहो करायची थांबली. "मला सांगून काय उपेग? मी तुज्याएवडीच गुन्हेगार हाय," ती म्हणाली. "शेजारनीला सांग. तिनं काय केलं न्हवतं. ती आपली तुला इचारून वागली."

बारकी वाचली. दहाव्या दिवशी घरी आली, काडीसारखे हातपाय घेऊन. लेक दवाखान्याच्या दारात आईसमोर उभा राहिला, आणि त्यानं पोरीला तिच्या मांडीवर ठेवलं. आजीनं बारकीचं तोंड पदरानं पुसलं आणि तिच्या नावानं तिला हाक मारली.

मी वरिष्ठ डॉक्टरांकडं गेले आणि सांगितलं की नकार नव्हता, चूक माझी. मला लेखी समज मिळाली. बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवली, आणि खरं सांगायचं तर मला त्यानं बरंच वाटलं. ज्या ज्या रकान्यात मी ते तीन शब्द लिहिले होते ते लाल शाईनं खोडले, त्या घरांच्या दारात जाऊन स्वतः सांगितलं, उरलेल्यांना डोस दिले. शिव्या खाल्ल्या. शिव्या खाणं सोपं असतं, मी दिल्यातही भरपूर. फक्त एका दाराशी मी थांबत नव्हते. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जायची.

शेजारणीच्या मुलाचा ताप केव्हाच उतरला होता. पण त्याच्या दोन्ही कानांतून पू यायला लागला होता, महिनाभर येत होता. थेंब झाले, गोळ्या झाल्या, पू थांबला. आणि मग तिच्या लक्षात आलं की मागून हाक मारली तर पोरगा वळत नाही. तिनं त्याच्या पाठीमागं स्टीलची परात आपटून बघितली. आजूबाजूच्या घरांतली माणसं बाहेर आली, पोरगा मातीत रेघा ओढत राहिला. मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली. दोन्ही कान गेले होते. बोलायला नुकता लागला होता तो, अब्बा म्हणायचा, पानी म्हणायचा. ते शब्दही एकेक करून गेले.

हे मला आजीनं सांगितलं. सांगून झाल्यावर विचारलं, "सांगितलंस का तिला?" मी नाही म्हणाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच विचारलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिनं विचारलं नाही, माझा हात धरला आणि मला त्या दारापर्यंत नेऊन सोडलं. स्वतः आपल्या उंबऱ्यात जाऊन बसली.

शेजारीण दारातच तांदूळ निवडत होती. मुलगा तिच्या गुडघ्याशी. "या सिस्टर," ती म्हणाली, आणि सवयीनं उठून आतून कार्ड घेऊन आली, त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीतून. दीड वर्षाचा डोस द्यायला आले असं तिला वाटलं. माझा धीर सुटला होता, पण आता मागं फिरले असते तर पुन्हा कधीच आले नसते.

मी सगळं सांगितलं. बारकीचं घामोळं, दहीभात, माझी भीड, तिच्या मुलाच्या रकान्यात मी न बघता लिहिलेले शब्द. "त्या दिवशी तू त्याला घेऊन आली होतीस. डबा उघडा होता, लस तयार होती. मी दिली नाही. तुझी काही चूक नव्हती," मी म्हणाले. मुलाला गोवर निघाला तेव्हा तिला "येतो कधी कधी" म्हणाले होते, तेही खोटं होतं हे सांगितलं.

ती सुपातले तांदूळ एका बाजूला सारत राहिली. माझं बोलणं संपलं. मी वाट बघत होते की ती ओरडेल, सूप फेकेल, नवऱ्याला बोलावेल. तिनं सूप खाली ठेवलं, मुलाच्या हनुवटीला धरून त्याचं तोंड माझ्याकडं वळवलं आणि आपल्या बोलीत म्हणाली, "अब इसकू बोलो."

मी तिच्याकडं बघितलं. ती गंमत करत नव्हती आणि मला टोमणाही मारत नव्हती. ती नुसती त्याची हनुवटी धरून बसली होती.

मी खाली बसले आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो शेवटपर्यंत माझ्या ओठांकडं बघत होता.